२५ मीटरसाठी पॉइंट टू टू पिस्तूल घ्यायचंय, खर्च आटोक्यात ठेवायचाय, तर कुठलं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की हिंजवडीत नोकरी, दीडेक वर्ष बालेवाडीला एअर पिस्तूल मारताय, स्कोअर ५५० च्या आसपास यायला लागलाय, आता २५ मीटर सुरू करायचंय आणि त्यासाठी स्वतःचं .२२ सेमी ऑटोमॅटिक घ्यायचंय, पैसे मोजके आहेत, आणि व्हिडिओ बघून बघून रुगर, ब्राउनिंग, वॉल्थर असा डोक्यात घोळ झालाय. वर मामांनी सांगितलंय की त्यापेक्षा ३२ चं घे, घरी पण उपयोगी पडेल.

मामांचं आधी मिटवू. घरात ठेवायचं पिस्तूल आणि टार्गेटचं पिस्तूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्याकडं जे ३२ चं सेल्फ डिफेन्सचं पिस्तूल मिळतं, म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरीचं अशनी वगैरे, त्याचे नेम धरायचे साइट फिक्स असतात, ट्रिगर जड आणि लांब असतो, ग्रिप साधी सपाट, आणि गोळी .२२ च्या कितीतरी पट महाग. २५ मीटरवर त्यानं दहाच्या रिंगात सातत्यानं मारायचं म्हणजे देवाचीच कृपा हवी. हां, सेंटर फायर नावाची स्पर्धा आहे आणि त्यात ३२ चालतं, पण ते ३२ स्मिथ अँड वेसन लाँग वॉडकटर (सपाट तोंडाची), ती गोळीच वेगळी आणि ती चालवणारी पिस्तुलं पण वेगळी. परवान्याच्या अर्जात कारण काय लिहिताय ते पण महत्त्वाचं, टार्गेट प्रॅक्टिस लिहायचं आणि मनात घरची सुरक्षा ठेवायची असं करू नका, पोलीस पडताळणीत दोन वेगळी उत्तरं गेली की फाइल तिथंच बसते.

आता स्वस्त म्हणजे काय ते बघू, कारण इथंच सगळे फसतात. लोक पिस्तुलाची किंमत विचारतात, पण पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, गोळ्या रोज लागतात. आठवड्याला दोन दिवस रेंजवर गेलात आणि दर वेळी १०० राउंड मारले तर वर्षाला दहा हजाराच्या आसपास गोळ्या जातात. हिशोबापुरता गोळीचा भाव १५ रुपये धरा (खरा भाव रायफल असोसिएशनला विचारा, तो इम्पोर्ट आणि वर्षानुसार बदलत राहतो), तर झाले दीड लाख. वर्षाला. त्याच्यापुढं पिस्तुलात वाचवलेले तीस-चाळीस हजार काहीच नाहीत, आणि ते वाचवून जर असं पिस्तूल घेतलं की जे दर पन्नास राउंडला एकदा अडकतं, तर त्या दीड लाखातल्या गोळ्या तुम्ही शिकायला नाही तर वैतागायला खर्च करताय. एअर पिस्तुलाचा पॅलेट दोन-तीन रुपयांत पडतो, म्हणून .२२ सुरू केल्यावर एअर पिस्तूल सोडणारा माणूस मला कधीच कळला नाही. २५ मीटरच्या प्रिसिजनची, म्हणजे सावकाश नेम धरून मारायच्या भागाची, निम्मी तयारी १० मीटरवर होते, आणि उरलेल्यातली बरीचशी घरी भिंतीसमोर ड्राय करून, म्हणजे गोळीशिवाय नुसता ट्रिगर दाबून, फुकटात होते.

म्हणून पहिला सल्ला कदाचित आवडणार नाही: पहिले सहा-आठ महिने स्वतःचं घेऊच नका. क्लबचं किंवा अकादमीचं .२२ वापरा, गोळ्यांचे पैसे भरा, कोचच्या देखरेखीखाली मारा. तसंही परवाना काही आठवड्याभरात हातात येत नाही. पुणे शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्त, पण तुम्ही हिंजवडी-वाकडकडं राहत असाल तर २०१८ पासून पिंपरी चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालंय, अर्ज तिकडं जाईल, आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण लागतं, ज्युनिअर खेळाडूंसाठी नियम वेगळे. शस्त्र हाताळणी आणि सुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं, क्लबचं सदस्यत्व, स्पर्धेतले स्कोअर, असोसिएशनचं पत्र, हे सगळं जोडलं तर काम सोपं जातं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला तीनच्या जागी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली, नावाजलेल्या नेमबाजांना जास्तीची सूट आहे पण तुम्ही अजून त्या यादीत नाही. म्हणजे तुमच्याकडं दोनच जागा आहेत, त्यातली एक मामांच्या ३२ ला घालवायची की नाही ते तुम्हीच बघा. (एअर पिस्तूल यात मोजलं जात नाही, ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलच्या आतलं असेल तर त्याला परवाना लागत नाही.)

पिस्तुलाकडं येऊ. .२२ लाँग रायफल ही गोळी १८८७ सालापासून चालत आलीय, रिमफायर, म्हणजे पेटवणारा मसाला मधोमध वेगळ्या टोपीत नसतो, केसच्या, म्हणजे गोळीच्या पितळी कवचाच्या, कडेच्या आतल्या वळणात पसरलेला असतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे ती स्वस्त असते. दुसरी म्हणजे मसाला कडेला सगळीकडं सारखा पसरला नसेल आणि फायरिंग पिन नेमकी मोकळ्या जागी आदळली तर गोळी वाजत नाही. अशा वेळी पिस्तूल टार्गेटकडंच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, लगेच स्लाइड ओढून गोळी हातावर घ्यायची नाही, उशिरा वाजणारी गोळी दुर्मिळ असते पण असते. महागड्या गोळ्यांत हा त्रास कमी, म्हणजे गोळीचा जो जास्तीचा भाव देतो तो नुसत्या अचूकतेसाठी नसतो, बऱ्यापैकी भरवशासाठी असतो.

गोळी कुठली घ्यायची तर स्टँडर्ड व्हेलॉसिटी. ४० ग्रेनची शिशाची बुलेट, वेग सेकंदाला साधारण ३२०-३३० मीटर, आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली. एसकेची स्टँडर्ड प्लस किंवा पिस्टल मॅच, एलीची साधी स्पोर्ट, सीसीआय स्टँडर्ड, यापैकी जे मिळेल ते. एलीची टेनेक्स किंवा आरडब्ल्यूएसची वरची महागडी गोळी सरावाला फोडू नका. हाय व्हेलॉसिटी मात्र मॅच पिस्तुलात, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेल्या पिस्तुलात, अजिबात घालू नका, कारण या पिस्तुलांत लॉक वगैरे काही नसतं, सरळ ब्लोबॅक, म्हणजे नुसत्या बोल्टच्या वजनावर आणि स्प्रिंगवर सगळं चालतं, आणि ती स्प्रिंग स्टँडर्ड गोळीच्या हिशोबानं बसवलेली असते. जोरदार गोळीनं बोल्ट मागं जाऊन फ्रेमवर आदळतो, धक्का झेलणारा बफर जातो, पुढं फ्रेमला तडा. जास्त जोर म्हणजे जास्त चांगलं असं वाटून लोक हे करतात, कागदाला भोक पाडायला कशाला जोर हवाय?

अचूकतेबद्दल एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. प्रिसिजन टार्गेटची दहाची रिंग ५० मिलिमीटरची आहे, वेगानं मारायच्या रॅपिडच्या टार्गेटची १०० ची. कुठलंही बरं .२२ पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलं की २५ मीटरवर तीसेक मिलिमीटरच्या आत ग्रुप देतं, म्हणजे सगळी भोकं तेवढ्यात पडतात. म्हणजे बॅरल दहा मारतंच, आपला हात मारत नाही. तर मग तीनपट किंमत कशासाठी द्यायची? ट्रिगर, ग्रिप आणि न अडकता चालणं, या तिघांसाठी. बॅरलच्या गप्पा मारणाऱ्या विक्रेत्याचं ऐकायचं आणि हो हो म्हणून ट्रिगर दाबून बघायचा.

ट्रिगर नियमानं किमान १००० ग्रॅम लागतो, स्पर्धेच्या आधी इक्विपमेंट कंट्रोलला वजन लटकवून बघतात, ९८० असला तरी परत. मॅच पिस्तुलात तो दोन टप्प्यांत वाटलेला असतो, पहिल्या टप्प्यात सातशेएक ग्रॅम बोटावर घेऊन थांबायचं, मग उरलेले अडीच-तीनशे हळूच वाढवत न्यायचे आणि शॉट सुटतो. एअर पिस्तुलाच्या ५०० ग्रॅमवरून आलेल्या माणसाला हे सुरुवातीला जड वाटतं पण महिन्याभरात सवय होते. आता हेच रुगर मार्क फोरमध्ये बघा, पिस्तूल उत्तम, दणकट, १९४९ पासूनची परंपरा, २०१६ च्या या मॉडेलमध्ये मागचं बटण दाबलं की उघडतं, आधीची मॉडेल खोलली की जोडताना घाम फुटायचा. पण कारखान्यातून येतो तो ट्रिगर दोन किलोच्या आसपास, एक टप्प्याचा. अमेरिकेत ते पाच-सहाशे डॉलरचं पिस्तूल आहे, शनिवारी डबे पाडायला आणि क्लबच्या मॅचला मस्त, शिवाय ट्रिगर बदलायचे सुटे भाग तिकडं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. तुम्ही जे व्हिडिओ बघताय ते सगळे त्या लोकांचे आहेत. ब्राउनिंग बकमार्क, स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी यांचं पण तेच. आपल्याकडं इम्पोर्ट बंधनात आहे, असली पिस्तुलं बाजारात सहज दिसत नाहीत, आणि दिसली तर तिकडच्या भावाशी त्याचा काही संबंध नसतो. त्या किमतीला रुगर घेण्यात अर्थ नाही, तिकडं तो स्वस्त आहे म्हणून चांगला आहे, इकडं तो स्वस्तच नाहीये.

स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१ हा अपवाद, १९५७ पासूनचं खरं टार्गेट पिस्तूल, ट्रिगर सुंदर. पण त्यात सात इंची बॅरलवालं असेल तर आंतरराष्ट्रीय नियमात बसत नाही, बॅरल १५३ मिलिमीटरच्या आत हवं, साडेपाच इंची चालतं. नियमात आणखी काय तर मोकळ्या पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमच्या आत, पूर्ण पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे, आणि ग्रिपनं मनगटाला आधार द्यायचा नाही.

मग घ्यायचं काय? माझं सरळ मत, सेकंड हँड युरोपियन मॅच पिस्तूल. त्यात वॉल्थर जीएसपी पहिली. साठच्या दशकाच्या शेवटी आलेली, दिसायला ओबडधोबड, मॅगझिन ट्रिगरच्या पुढं, बॅरल हाताच्या मानानं खाली बसतं त्यामुळं फायर झाल्यावर नळी कमी उडते आणि पुढच्या शॉटला साइट लवकर जागेवर येते. २०-२० सेकंदांत आणि १०-१० सेकंदांत पाच शॉट मारायचे असतात तेव्हा ही गोष्ट किती कामाची आहे ते कळतं. ट्रिगरचा अख्खा संच एका तुकड्यात बाहेर निघतो, बिघडला तर तेवढा बदलता येतो. जगभर एवढ्या विकल्या गेल्यात की सुटे भाग आणि दुरुस्ती जाणणारी माणसं अजून मिळतात. आणि पुढं सेंटर फायर करावंसं वाटलं तर तिला ३२ स्मिथ अँड वेसन लाँगचं कन्व्हर्जन, म्हणजे त्या गोळीचा बदली संच, बसतं, परवान्यावर नोंद वेगळी करावी लागते अर्थात, पण मामांचं पण समाधान. एक सांभाळा: हुबेहूब तशीच दिसणारी ओएसपी पण असते, ती .२२ शॉर्टची. २००४ पर्यंत रॅपिड फायर त्या गोळीवर चालायचं, २००५ पासून तिथं पण लाँग रायफलच लागते. स्वस्तात मिळतेय म्हणून ओएसपी घेतली तर ना गोळी मिळणार ना स्पर्धेत चालणार, शोकेसमध्ये ठेवायला परवाना काढल्यासारखं होईल.

हॅमर्ली २०८ मिळाली तर ती पण डोळे झाकून नाही पण एक डोळा झाकून घ्या, प्रिसिजनला तिच्यासारखी स्थिर पिस्तुलं कमी. पार्दिनी एसपी आज प्रत्येक रेंजवर दिसते आणि ती चांगलीच आहे, मोरिनी पण, फाइनवेर्कबाउची एडब्ल्यू ९३ तर घड्याळासारखी बनवलेली. पण नवीन घ्यायची तर तिकडेच दीड-दोन हजार युरो, त्यावर इथवर यायचा खर्च. पैसे असतील तर पार्दिनी घ्या आणि विसरून जा. नसतील तर जीएसपी, आणि उरलेल्या पैशांच्या गोळ्या.

ग्रिपवर जरा जास्त बोलतो कारण याच्याकडं आपल्याकडं कुणी बघत नाही. या पिस्तुलांच्या लाकडी ग्रिप स्मॉल, मिडियम, लार्ज अशा येतात आणि त्या युरोपियन हाताच्या मापाच्या असतात, आपल्यातल्या बऱ्याच जणांना मिडियम पण मोठी होते. मोठी ग्रिप असली की ट्रिगरवर बोटाचं टोक जेमतेम पोचतं आणि ट्रिगर सरळ मागं न येता बाजूला ढकलला जातो, मग टार्गेटवर एकाच बाजूला शॉट जातात आणि माणूस साइटचे क्लिक फिरवत बसतो. तपासायची रीत सोपी आहे. पिस्तूल रिकामं आहे ते दोनदा बघा, डोळे मिटा, हात टार्गेटकडं उचला, मनगट सैल न करता नेहमीसारखी पकड घ्या, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध असेल तर ग्रिप तुमची आहे. डावीकडं किंवा उजवीकडं पळाली असेल तर ग्रिपला काम हवंय. कानस, सँडपेपर आणि वूड पुट्टी, एवढ्यात होतं, पण एका वेळी थोडंच काढा आणि मध्ये आठवडाभर मारून बघा, काढलेलं लाकूड परत येत नाही. डावखुरे असाल तर ग्रिप वेगळी मागवावी लागेल हे आधीच किमतीत धरा.

सेकंड हँड घेताना आधी कागद, मग पिस्तूल. विकणाऱ्याचा परवाना, त्यावर त्या नंबरची नोंद, आणि आर्म्स ॲक्टप्रमाणं एका परवानाधारकानं दुसऱ्याला विकायचं तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात, हे आज पैसे दिले उद्या घेऊन गेलो असं नसतं. ड्यूटी माफीत आणलेलं खेळाडूचं वेपन असेल तर विक्रीच्या अटी वेगळ्या, असोसिएशनकडून लेखी खात्री करून घ्या. मग रेंजवर, विकणाऱ्याच्या समोर, त्याच्याच परवान्यावर, निदान १०० राउंड मारून बघा, आणि ते सलग पाच-पाचच्या सिरीजमध्ये. किती वेळा अडकतं, केस कुठं पडते, एकाच मॅगझिनला अडकतं का सगळ्यांना. एकाच मॅगझिनला अडकत असेल तर त्याचे वरचे ओठ वाकलेत, पिस्तुलाचा दोष नाही, भाव पाडायला मात्र उपयोगी. सगळ्यांना केस अर्धवट बाहेर येऊन उभी राहत असेल तर केस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर झिजलाय किंवा स्प्रिंग थकलीय किंवा नुसता वर्षानुवर्षांचा मेणशिशाचा थर साचलाय, आणि हे तिसरं कारणच जास्त वेळा निघतं. चेंबरच्या कडेला टॉर्च मारून बघा, फायरिंग पिननं ठोकलेली खूण दिसली तर आधीच्या मालकानं रिकाम्या चेंबरवर ड्राय केलंय. रिमफायरचं हेच दुखणं, पिन कडेवर आदळते. ड्रायची वेगळी सोय त्या मॉडेलला आहे का, नसेल तर चेंबरमध्ये प्लास्टिकची डमी घालायची का, ते विचारून घ्या. मॅगझिन किमान तीन मागा. फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, रिकॉइल स्प्रिंग, बफर, हे चार भाग पिस्तुलाबरोबरच घेऊन ठेवा, नंतर एका स्प्रिंगसाठी आख्खा सीझन जातो.

पुण्याच्या पावसाळ्याचं पण लक्षात ठेवा. जून ते सप्टेंबर फोमच्या केसमध्ये पिस्तूल बंद करून कपाटात ठेवलं की फोम ओल धरतो आणि बोल्टवर गंज चढतो. घरी आल्यावर पुसून, पातळ तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलची पुडी टाकून लॉकरमध्ये, गोळ्या वेगळ्या कुलपात. बॅरल रोज घासू नका, त्यानं भलं होत नाही, चेंबर आणि बोल्टचा चेहरा मात्र प्रत्येक वेळी. रेंजवर जाता-येता पिस्तूल रिकामं, केस बंद, मूळ परवाना बरोबर, चेंबरमध्ये भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आधीच असोसिएशनच्या पत्रासह सूट मिळण्याचा अर्ज देऊन ठेवा, नाहीतर ऐन स्पर्धेच्या तोंडावर वेपन पोलीस ठाण्यात जमा.

कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा, .२२ चा आवाज छोटा वाटतो पण कान त्यानेच जातात. शिसं हाताला लागतं, तेव्हा रेंजवरून निघाल्यावर आधी साबणानं हात धुवा मग मिसळ, बालेवाडीला बरेच जण उलट करतात.

स्पर्धेचं म्हणाल तर तुम्ही स्टँडर्ड पिस्टलनं सुरुवात करा, ६० शॉट, त्यात १५० सेकंद, २० सेकंद आणि १० सेकंद अशा वेळा, म्हणजे प्रिसिजन आणि वेग दोन्ही शिकता येतं. राज्याची कॅप्टन इझिकेल स्पर्धा, मग पुढं देशपातळीवरची मावळणकर स्पर्धा, मग नॅशनल अशी शिडी आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्सला सुवर्ण काढलं ते २५ मीटर पिस्तूललाच, त्यामुळं महाराष्ट्रात ही स्पर्धा मारणारे आणि शिकवणारे बरेच आहेत, आणि अशाच लोकांकडं जुन्या जीएसपी पडून असतात कारण ते पार्दिनीवर गेलेत. ऑनलाइन शोधत बसण्यापेक्षा पुढच्या राज्य स्पर्धेला २५ मीटरच्या रेंजवर दोन दिवस नुसते जाऊन बसा, इक्विपमेंट कंट्रोलच्या रांगेत उभ्या असलेल्यांना विचारा कोण पिस्तूल विकायला काढतंय म्हणून, आणि हाताचं माप दाखवायला स्वतःच्या एअर पिस्तुलाची ग्रिप बरोबर न्या.